स्वयंपाकघरातील गॅस आणि जयणा



ज्या परंपरेने अग्नीलाही सजीव मानले, षट्कायात तेजस्कायाची गणना केली, त्या परंपरेतील गृहस्थाला अग्नी सर्वस्वी टाळता येत नाही. साधु-साध्वींना अग्निप्रज्वलन वर्ज्य आहे. गृहस्थाला ते रोज करावे लागते. म्हणूनच स्वयंपाकघरातील जयणेला श्रावकाचारात एवढे महत्त्व आले. लाकूड चुलीत सारण्यापूर्वी ते झटकून, निरखून घ्यावे, चुलीच्या आत-बाहेर पूंजणी हळुवार फिरवावी, एखादी मुंगी वा किडा नाही याची खात्री करावी आणि मगच विस्तव करावा, ही रीत जुन्या पिढीतील श्राविकांच्या अंगवळणी पडलेली होती. पुढे चूल गेली, शेगडी गेली, रॉकेलचा स्टोही गेला आणि ओट्यावर गॅस आला. धुराने लाल होणारे डोळे वाचले, पहाटेचा फुंकणीचा व्याप संपला. मात्र पेटवण्यापूर्वी निरखण्याची सवयही चुलीबरोबरच घराबाहेर गेली. वास्तविक गॅसला तिची गरज चुलीहून अधिक आहे.

आपल्या देशात स्वयंपाकाच्या गॅसचा वापर १९५५ च्या सुमारास बर्मा शेल कंपनीने मुंबईत सुरू केला. मराठवाड्यातील तालुक्यांच्या गावी तो पोहोचण्यास पुष्कळ काळ लागला. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे ते दिवस ज्येष्ठांना आठवत असतील. सिलिंडर घरी येणे हा एक सोहळाच असे आणि घरातील प्रत्येकास तो कसा हाताळावा हे सांगितले जाई. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वाड्या-वस्त्या-तांड्यांवरही गॅस गेला. दुर्मीळ होते तेव्हा जपले जाई. सुलभ झाले तेव्हा शिकवणे मागे पडले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. नव्याने घरात आलेल्या सुनेला भाजीतील मीठ-मसाल्याचे प्रमाण सांगितले जाते. रेग्युलेटर कसा काढावा हे क्वचितच सांगितले जाते.

या वायूचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे. सिलिंडरमध्ये ब्युटेन व प्रोपेन हे वायू दाबाखाली द्रवरूपाने साठवलेले असतात. घरगुती सिलिंडरमध्ये हा द्रव १४.२ किलो असतो. एक लिटर द्रव बाहेर पडला तर त्याचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हवेत या वायूचे प्रमाण शेकडा दोन ते नऊच्या आसपास झाले की एक ठिणगी पुरते. त्याला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा वास सडलेल्या कांदा-लसणासारखा असतो. ज्या घरात कांदा-लसूण उंबरठ्याच्या आतच येत नाही, त्या घरी तरी असा वास आल्यावर शंकेला जागा उरू नये! परंतु सर्दी-पडशाने वा वार्धक्याने ज्यांचे घ्राण मंदावले आहे, त्यांनी केवळ नाकावर विसंबू नये. उदबत्तीचा व धूपाचा दरवळही हा वास झाकून टाकतो.

सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म असा की हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. अंबाजोगाईतील व परिसरातील जुन्या माळवदाच्या घरांच्या दृष्टीने ही गोष्ट फार विचार करण्याजोगी आहे. त्या घरांची रचना चुलीच्या धुरासाठी होती. धूर हलका, तो वर जातो; म्हणून माळवदाला साणे ठेवले जाई आणि त्यातून तो निघून जाई. गॅस मात्र वर जात नाही. तो जमिनीवर पाण्यासारखा पसरतो, उंबऱ्याशी अडतो, खोलगट जागी साचतो. जुन्या वाड्यातील बळद, पेव, तळघर, दोन पायऱ्या खाली असलेली न्हाणी, मोरीचे तोंड या त्याच्या साचण्याच्या जागा होत. साणे उघडे आहे म्हणून स्वयंपाकघर मोकळे आहे, ही समजूत येथे फसवी ठरते. ज्या खोलीत सिलिंडर ठेवायचा, तिला जमिनीलगत हवा बाहेर जाण्यास वाट हवी. दाराखाली फट असली तरी ती उपयोगी पडते. जमिनीच्या पातळीखालील खोलीत सिलिंडर ठेवूच नये. आणि पेवाचे तोंड स्वयंपाकघरात उघडत असेल तर शेगडी दुसऱ्या खोलीत हलवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी घराची ठेवण थोडी बदलावी लागली तरी चालेल.

शेगडी ओट्यावर, सिलिंडरच्या माथ्याहून उंच जागी असावी आणि सिलिंडर खाली, सपाट जमिनीवर, उभाच असावा. आडवा केल्यास वायूऐवजी द्रव नळीत येतो. बैठ्या स्वयंपाकाची सवय असलेल्या घरांत शेगडी व सिलिंडर दोन्ही जमिनीवर शेजारी मांडलेली दिसतात, ते बरे नव्हे. शेगडीमागे खिडकी नसावी. वाऱ्याच्या झोताने ज्योत विझते आणि वायू वाहत राहतो. वरच्या फळीवर डबे असले की पेटत्या ज्योतीवरून हात नेऊन ते काढले जातात आणि पदराला आच लागते. फळीची जागा बदलणे अवघड नाही. वैशाख-ज्येष्ठातील मराठवाड्याचे ऊन सर्वांच्या परिचयाचे आहे. भरलेला सिलिंडर अंगणात वा गच्चीवर उन्हात ठेवू नये. उष्णतेने आतील दाब वाढतो.

सिलिंडर दारात आला की तो घाईने आत ढकलला जातो. वास्तविक दोन मिनिटे तेथेच द्यावीत. त्याच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर आतील बाजूस एक अक्षर व दोन अंक रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. पुढील अंक वर्षाचे. ती मुदत उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करावा. सील पाहावे, वजन करून मागावे. टोपी काढून तोंडावर थोडे पाणी सोडले की बुडबुडे येतात किंवा कसे ते दिसते. तोंडातील रबरी चकती जागेवर आहे ना, हेही पाहून घ्यावे. घरपोच आणून देणाऱ्या माणसाला घाई असते हे खरे. पण ही तपासणी त्याने करून दाखवावी असा ग्राहकाचा हक्क आहे, तो मागताना संकोच नको.

रेग्युलेटर बसवताना त्याची कळ बंद असावी. घरात त्या वेळी समई, निरांजन, उदबत्ती काहीही पेटलेले नसावे. देवघर स्वयंपाकघरातच असलेल्या घरांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. खालची प्लॅस्टिकची कडी वर ओढून धरून रेग्युलेटर तोंडावर ठेवावा, किंचित फिरवत दाबावा आणि कडी सोडावी. टक् असा आवाज होऊन तो घट्ट बसतो. मग कळ उघडून सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. फेस फुगला की गळती आहे. काडी ओढून गळती पाहण्याचा प्रकार कोणीही, कधीही करू नये.

नळीविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. हजारोंची शेगडी घेणारा गृहस्थ नळीसाठी मात्र शे-दोनशे रुपये वाचवतो. नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळीच असावी. तिची लांबी दीड मीटरहून अधिक नसावी आणि दर पाच वर्षांनी ती बदलावी, मग ती वरून कितीही चांगली दिसो. दोन नळ्या जोडून लांबी वाढवणे, भिंतीतून नळी नेणे, तिच्यावर शोभेचे कापड गुंडाळणे, हे सर्व टाळावे. झाकलेल्या नळीची चीर दिसत नाही.

आता प्रत्यक्ष वापर. सकाळी रेग्युलेटर उघडण्यापूर्वी शेगडीच्या सर्व कळा बंद आहेत ना, हे पाहावे. रात्री कोणी केवळ रेग्युलेटर बंद केला आणि शेगडीची कळ उघडीच राहिली, तर सकाळी रेग्युलेटर उघडताच वायू वाहू लागतो. काडीने पेटवायचे असल्यास आधी काडी, मग कळ. लायटरने एक-दोन प्रयत्नांत ज्योत धरली नाही तर कळ बंद करून थोडे थांबावे, पसरलेला वायू जाऊ द्यावा.

जैन घरात एक गोष्ट इतरांहून वेगळी आहे. पहाटे उकाळलेल्या पाण्याचे मोठे पातेले शेगडीवर चढते. काठोकाठ भरलेले पातेले उतू जाते, पाणी बर्नरवर पडते, ज्योत विझते आणि घरातील मंडळी सामायिकात वा प्रतिक्रमणात असतात. बहुतेक घरगुती शेगड्यांमध्ये ज्योत विझल्यावर वायू आपोआप बंद होण्याची सोय नसते. दुधाचे तसेच. तेव्हा पातेले तीन-चतुर्थांशच भरावे आणि पाणी उकळून उतरवून ठेवल्यावरच सामायिकास बसावे. सामायिकात असताना उठता येत नाही, हे जाणून आधीच अग्नी शांत करणे यातच जयणा आहे. ज्यांची मुले पुण्या-मुंबईस नोकरीला आहेत आणि जे वृद्ध दांपत्य घरी एकटेच आहे, त्यांनी तर हा नियमच करावा.

दुसरी गोष्ट सोयीची आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरी रात्री चूल पेटत नाही. अशा घरात रेग्युलेटर बंद करण्याची वेळ जणू ठरूनच गेलेली आहे. चौविहाराचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. एकाला दुसरे जोडले की विसर पडत नाही. मात्र सूर्यास्ताआधीची ती अर्ध्या-पाऊण तासाची धांदल, विशेषतः हिवाळ्यात दिवस लहान असताना, धोक्याची असते. एकाच वेळी दोन्ही बर्नर, कुकर, कढई आणि अंगावर कृत्रिम धाग्याची साडी! कृत्रिम धागा पेटला की वितळून त्वचेला चिकटतो. स्वयंपाकाला सुती वस्त्र नेसण्याची आजीची शिस्त केवळ शुचितेची नव्हती.

गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये. लावू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. पंखाही तसाच राहू द्यावा. ज्योती विझवाव्या, रेग्युलेटर बंद करून काढावा, तोंडावर टोपी बसवावी, दारे-खिडक्या उघडाव्या आणि सर्वांनी बाहेर पडावे. दूरध्वनी बाहेर जाऊन करावा. १९०६ हा गॅस गळतीसाठीचा क्रमांक आहे. तो मोठ्या अक्षरांत स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लिहिलेला असावा.

स्वच्छतेकडे वळताना पूंजणीची पुन्हा आठवण येते. शेगडीच्या बर्नरखाली एक नळकांडे असते. त्यात वायू व हवा मिसळतात. काही दिवस वापर नसला की त्यात कोळी जाळे विणतो, मुंग्या शिरतात. अशा वेळी बर्नर पेटवला तर जीवहिंसा होतेच, शिवाय हवेचा मार्ग अडल्याने ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात आणि कधी ज्योत उलटी आत शिरते. पर्युषणात वा आयंबिलाच्या ओळीत तपस्येनंतर, किंवा प्रवासाहून परतल्यावर, शेगडी पेटवण्यापूर्वी बर्नर उचलून आत पाहावे, मऊ कुंचल्याने पुंजून घ्यावे. येथे धर्माची सांगी आणि यंत्राची गरज एकच आहे.

नित्याची सफाई शेगडी पूर्ण निवाल्यावर व रेग्युलेटर बंद करूनच करावी. काचेच्या शेगडीवर गरम असताना गार पाणी पडले तर काच तडकते. पितळी बर्नर चिंचेच्या वा लिंबाच्या पाण्यात भिजत ठेवून घासावा, भोके बारीक तारेने मोकळी करावी, पूर्ण वाळवावा आणि त्याच्या खाचेत नीट बसवावा. तिरका बसला की ज्योत एका अंगाने भडकते. वायू सोडणाऱ्या बारीक जेटमध्ये मात्र सुई घालू नये. त्याचे भोक मोठे झाले की ज्योतीचे माप बिघडते. नळी केवळ ओल्या फडक्याने पुसावी. रॉकेल वा पेट्रोलने शेगडी पुसण्याची कल्पनाही नको. कळ घट्ट झाली तर ती घरी उघडू नये, जाणत्या कारागिराकडेच द्यावी.

स्वामीवात्सल्याच्या भोजनासाठी घरोघरचे सिलिंडर गोळा करण्याची प्रथा काही ठिकाणी अजून दिसते. ते नियमबाह्य आहे. अशा कार्यास १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावेत आणि ते मंडपाबाहेर, भट्टीपासून दूर ठेवावेत.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी टाकू नये. कळ बंद करून झाकण ठेवावे. वस्त्र पेटल्यास पळू नये, जमिनीवर लोळावे, इतरांनी जाड सुती चादर वा घोंगडी टाकावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे गार वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांतील काहीही लावू नये. त्याने जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना ती आधी खरवडून काढावी लागते. अंगठ्या-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्या, चिकटलेले वस्त्र ओढू नये. स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अंबाजोगाईतच आहे. पाणी सोडून झाले की स्वच्छ ओलसर सुती कापड सैल पांघरून रुग्णाला थेट तेथे न्यावे.