करुणेचा भार कोणी वाहायचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मैत्रिणींनो,

‘भूतदया’ हा शब्द आपल्याला नवा नाही. मुंगीला साखर, गायीला घास, दारच्या कुत्र्याला भाकरी, हे बघतच आपण वाढलो. त्या दयेला नावे ठेवायला मी इथे उभी नाही. पण ही दया कोणापर्यंत पोचते आणि तिच्यासाठी राबते कोण, हे दोन प्रश्न आज तुमच्यापुढे मांडायचे आहेत.

पहिला प्रश्न पोचण्याचा. महाडचे चवदार तळे आठवा. तिथे गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला ओंजळभर पाणी घ्यायची बंदी होती. १९२४ साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करून घेतले. म्हणजे जनावराच्या तोंडाने न बाटणारे पाणी माणसाच्या हाताने बाटले! जी करुणा जातीच्या उंबऱ्याशी अडते, तिला करुणा कसे म्हणायचे?

याउलट फुले दांपत्य पाहा. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावे म्हणून त्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या. त्यांनी दुखणाऱ्याचे अश्रू पुसले आणि दुखवणाऱ्या रूढीशी भांडणही केले. सेवा आणि संघर्ष त्यांनी वेगळे मानले नाहीत.

आता दुसरा प्रश्न, राबण्याचा. शेळीला पाला, म्हशीचे शेणघाण, सासऱ्यांचे पथ्य, तान्ह्याचे दुपटे हे सगळे कोणाकडे? २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. घरातली करुणासुद्धा बाईच्याच पाठीवर!

घराबाहेरही तेच. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि त्यातून गावोगाव आशाताई उभ्या राहिल्या. सरकारने त्यांना कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. टाळ्या मिळाल्या, पण टाळ्यांनी चूल पेटत नाही. त्याच वर्षी अंगणवाडी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेही बायकांनी दाद मागितली म्हणून.

तर मग सेवा सोडायची का? मुळीच नाही. तहानलेल्याला पाणी द्यायचेच, मग तो माणूस असो की वासरू. पण सेवेला तीन प्रश्न विचारायचे. ती सर्वांपर्यंत पोचते का? तिचा वाटा पुरुष उचलतात का? आणि सेवा करणारीच्या भुकेची, झोपेची, दुखण्याची काळजी कोण घेते?

गावी गेल्यावर पुढच्या बैठकीत एवढे करा. कोण कोणाचे करते, याची यादी घराघरातून मांडा. त्यातले एक तरी काम घरच्या पुरुषाकडे द्या आणि ते महिनाभर त्याच्याकडेच राहील हे बघा. सर्व जिवांवर दया करायची म्हणतो ना आपण? त्या ‘सर्व’मध्ये आपणही आहोत.