विजेचा वेळेवर विनियोग

(म्हसळा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विजेविषयी चार शब्द बोलण्याची मंडळाने मला आज्ञा केली आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आदळले, खांब व तारा जमीनदोस्त झाल्या आणि आपल्या भागातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली, हे ज्यांनी भोगले त्यांना तो रुक्ष वाटणार नाही. केवळ दिवे गेले नाहीत. पंप थांबले, पाणी तुटले. फोन बंद पडल्याने मुंबईकर आप्तांना घरच्यांची खुशालीही कळेना.

विजेवाचून ज्याचे अडते अशा कामांत दिवसेंदिवस भरच पडत आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी सुमारे २५ कोटी किलोवॉटवर पोहोचली. दुसरीकडे, २०२५ च्या मध्यास देशाच्या वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेचा निम्मा भाग कोळसा, तेल व वायू यांवाचून चालणारा झाला. ही गोष्ट अभिमानाचीच होय. तथापि सूर्य मावळतो, आणि आपले दिवे नेमके तेव्हाच लागतात. खरी अडचण आहे ती ही.

तिचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते. भिरा येथील टाटांचे वीजगृह १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर चालत आले आहे. त्या पाण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या व सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, हे विसरू नये. धूर नसलेल्या विजेचेही मोल कोणीतरी देतच असतो. टाटांच्याच भिवपुरीस १,००० मेगावॉटच्या नव्या प्रकल्पाचा करार २०२३ साली झाला. वीज मुबलक असता पाणी वर चढवावयाचे आणि निकडीच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी ही योजना आहे.

हाच न्याय घरी लावावा. वाडीचे शिंपण, टाकी भरणे, इस्त्री ही कामे उन्हाच्या वेळी उरकावीत. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ पर्यंतच्या वापरावर सवलत देण्यास महावितरणने १ जुलै २०२५ पासून प्रारंभ केला, तो याच हेतूने. गणपतीस व शिमग्यास बंद घरे एकदम उघडतात, तेव्हा तर हा संयम विशेष हवा.

छपरावरील सौरसंचास फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय योजनेत ३ किलोवॉटसाठी ७८,००० रुपये अनुदान ठरले. परंतु एक सावधगिरी सांगतो. साधा संच बाहेरची वीज जाताच आपणहून बंद पडतो. वादळात उपयोगी पडावा तर बॅटरी हवी आणि वाऱ्याला दाद न देणारी पक्की बांधणीही हवी. प्रत्येक घराला हा खर्च झेपणार नाही. म्हणून मंडळाच्या सभागृहावर असा एक संच बसवावा, आणि संकटसमयी गावातील कोणाही माणसास, ज्ञातीचा विचार न करता, तेथे पाणी व प्रकाश मिळावा, अशी माझी विनंती आहे. मुंबईकर बंधूंनी या निधीस हातभार लावावा.