यादीत एकच नाव नको

आज पदवी स्वीकारणाऱ्या परिचारिका व परिचारकांनो,

तुमचे अभिनंदन करून आणि सेवाभावाची महती सांगून हे भाषण संपवता आले असते. पण हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात शिकलेली माणसे सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या खेड्यांत काम करायला जाणार असतील, तर त्यांच्याशी एका नेमक्या कामाविषयी बोलणे मला अधिक उपयोगाचे वाटते. हे काम गर्भनिरोधनाचे आणि लैंगिक आरोग्याचे आहे. 1999 साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला 2024 उजाडले. तोवर इथल्या बाईसाठी आरोग्यसेवा म्हणजे बहुतेक वेळा उपकेंद्रातली सिस्टर आणि दारावर येणारी आशाताई होती, आणि पुढेही तीच राहणार आहे. म्हणून माझे म्हणणे आधीच सांगतो. गेल्या दहा वर्षांत गर्भनिरोधनाची साधने वाढली, कायदे सुधारले. पण बाईला खरोखर निवड करता येते की नाही, हे तुमच्या टेबलापाशी होणाऱ्या दहा मिनिटांच्या बोलण्यावर ठरते. ते बोलणे हाही उपचारच आहे आणि त्याला इंजेक्शनाइतकेच कौशल्य लागते.

पुरावा आपल्या राज्यातलाच घेऊ. 2019-21च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातला एकूण जननदर 1.7 आहे. म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या 2.1च्याही खाली. विवाहित स्त्रियांपैकी 63.8 टक्के आधुनिक साधने वापरतात. हे यश मोठेच आहे. मात्र या 63.8 टक्क्यांतले 49.1 टक्के एकट्या स्त्री-नसबंदीचे आहेत आणि पुरुष-नसबंदी 0.4 टक्क्यावर अडकली आहे. गोळ्या, तांबी, निरोध, इंजेक्शन हे सारे उरलेल्या थोड्या जागेत दाटीवाटीने बसते. विशीच्या आत लग्न, लागोपाठ दोन बाळंतपणे, मग ऑपरेशन, हा आपल्याकडचा ठरलेला क्रम. लग्न आणि पहिले मूल यांत अंतर ठेवण्याची सोय या क्रमात नाही, दोन मुलांतही नाही. शिवाय राज्यात 20 ते 24 वयोगटातल्या जवळपास 22 टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे हेच सर्वेक्षण सांगते. ज्या वयात अंतराची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वयात आपण मुलीला काहीच सांगत नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात सापडते. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांचा भर स्त्रीच्या आरोग्यावर आणि तिच्या सुखाच्या हक्कावर होता. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले. एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. स्वतंत्र भारताने 1952 मध्ये सरकारी कार्यक्रम सुरू केला, पण हळूहळू व्यक्तीच्या जागी आकडा आला. आणीबाणीत 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. उद्दिष्टांची पद्धत 1996 मध्ये कागदोपत्री रद्द झाली, तरी नसबंदीची शिबिरे चालूच राहिली. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडातल्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच दिवशी, एकाच शिबिरात 83 बायकांची ऑपरेशने झाली आणि त्यांतल्या तेराजणी दगावल्या. पुढे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. आकडा गाठायचा म्हटले की माणूस नजरेआड होतो, हा या सगळ्याचा धडा.

आता नव्या साधनांकडे पाहू. 2017 पासून सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी मोफत मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची असते. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. दंडाच्या कातडीखाली बसवायची बारीक कांडी काही राज्यांत सरकारी कार्यक्रमात आली आहे. बाळंतपणानंतर लगेच बसवायची तांबी प्रशिक्षित परिचारिकाही बसवू शकते. यांतल्या इंजेक्शन आणि गोळी या साधनांचे वैशिष्ट्य असे की ती नसबंदीसारखी एकदाच करून विसरायची नाहीत. ती चालू ठेवावी लागतात. ‘अंतरा’ने पाळी अनियमित होते, पुढे बंदही होते. हे आधी सांगितलेले नसेल, तर पाळी थांबताच ‘घाण आत साठली’ असे समजून बाई दुसऱ्या इंजेक्शनाला येतच नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागू शकतात, हेही सांगितले नाही तर सासू सुनेवर वांझपणाचा शिक्का मारायला मोकळी होते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बाईला हे इंजेक्शन सोयीचे आहे, पण पुढचा डोस ठरल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत कोणत्याही सरकारी केंद्रात घेता येतो, हे तिला कार्डासह कुणीतरी समजावले तरच. औषध तेच, पण समजावल्यावाचून ते फुकट जाते.

लैंगिक आरोग्य यापेक्षाही दुर्लक्षित आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत तपासणी करून 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले, तेव्हा जग चकित झाले. तपासलेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे हे बाईच्या जातीला असायचेच, या समजुतीखाली तो आजार दडला होता. तीस वर्षांनंतरही मराठवाड्यात चित्र किती बदलले? 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पाहणीत 82 हजारांवर स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. जिथे जंतुसंसर्गाचे साधे औषध आणि जोडीदाराचा उपचार पुरला असता, तिथे कित्येकींना कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतले गेले. त्या बाईला वेळीच भेटणारी, तपासणारी, ‘पिशवी काढायची गरज नाही, आधी हे औषध घ्या आणि मालकांनाही घेऊन या’ असे ठामपणे सांगणारी सिस्टर तिथे असायला हवी होती.

यावर काही आक्षेप येतील आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला असा की बायकांनाच ऑपरेशन हवे असते. मग आपण मध्ये का पडावे? दोन मुलांनंतर समजून-उमजून केलेले ऑपरेशन हा उत्तम निर्णय आहे, आणि तो मागणाऱ्या बाईला तिष्ठत ठेवणे हाही अन्यायच. पण दुकानात एकच साडी ठेवायची आणि गिऱ्हाइकाला तीच आवडते असे म्हणायचे, यात पसंती कुठे आली? शिवाय निवडीत नवऱ्याचेही नाव हवे. बिनटाक्याची पुरुष-नसबंदी स्थानिक भूल देऊन काही मिनिटांत होते, ती स्त्रीच्या ऑपरेशनापेक्षा सोपी आणि कमी जोखमीची आहे. फक्त पुढचे तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करून घ्यावी लागते. तरी पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे 35 टक्के पुरुषांनी गर्भनिरोधन हे बायकांचे काम असल्याचे सांगितले. ब्रदरांनो, या पुरुषांशी बोलण्याची जबाबदारी प्रामुख्याने तुमची आहे.

दुसरा आक्षेप नीतीचा. अविवाहित मुलामुलींना माहिती दिली तर ती बिघडतील आणि आपल्याला गावात राहणे कठीण होईल. माहिती न दिल्याने काय होते, हे तुम्ही प्रसूतिकक्षात पाहणारच आहात. कायदाही आता पुढे गेला आहे. 2021च्या दुरुस्तीने गर्भपात कायद्यातला ‘पती’ हा शब्द जाऊन ‘जोडीदार’ आला आणि गोपनीयता बंधनकारक झाली. सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही 24 आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदीचा समान हक्क असल्याचे स्पष्ट केले. अठराखालील मुलीच्या बाबतीत पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना माहिती देण्याची जबाबदारी मात्र टळत नाही. ती नाकारण्यापेक्षा नीट समजून घ्या, आणि त्या भीतीने मुलीला दारातून परत पाठवू नका. निरोधखेरीज दुसरे कोणतेही साधन लैंगिक आजारांपासून वाचवत नाही, हे तांबी बसवलेल्या सुनेलाही सांगावे लागते आणि कॉलेजातल्या मुलालाही. नीतीचा प्रश्न त्यांच्या घरच्यांचा आहे. खरी माहिती देणे हा तुमच्या पेशाचा धर्म.

तिसरा आक्षेप तुम्हीच घ्याल. वेळ कुठे आहे? एका सिस्टरवर लसीकरण, नोंदी, प्रसूती, ऑनलाइन पोर्टल, सगळेच. तक्रार रास्त आहे. रिकाम्या जागा भरणे हे सरकारचे काम आहे आणि ते मागताना संकोचू नका. पण अर्ध्यावर सोडलेले प्रत्येक साधन पुढे नकोशी गर्भधारणा, रक्तस्राव किंवा घाईचा गर्भपात होऊन तुमच्याच दारात परत येते; तेव्हा दहा मिनिटांऐवजी रात्र जाते. आणि अधिकाराचे म्हणाल, तर तुमचा अधिकार वाढतोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सुरुवातीच्या आठवड्यांतल्या औषधी गर्भपाताची सेवा प्रशिक्षित परिचारिकाही देऊ शकतात असे म्हटले. आपल्या कायद्याने ती मुभा अजून दिलेली नाही. ती मिळवायची असेल, तर आज जे हातात आहे ते काम निर्विवाद चोख करणे हाच सर्वांत बळकट युक्तिवाद ठरेल.

म्हणून जिथे रुजू व्हाल, तिथे तीन गोष्टींचा आग्रह धरा. बोलण्यासाठी पडद्याआडची जागा, जिथे सासू आणि नवरा बाहेर थांबतील. सर्व साधनांचा साठा, आणि संपला असेल तर तसे लेखी कळवणे. आणि नोंदवहीत किती ऑपरेशने झाली याच्या शेजारी, किती जणींना सगळे पर्याय सांगितले आणि किती जणी तीन महिन्यांनी परत आल्या, याचा रकाना. हा रकाना तुमच्याकडे कुणी मागणार नाही. तो तुम्ही स्वतःहून भरा, आणि आढावा बैठकीत वरिष्ठांसमोर वाचून दाखवा.