वेचणीची मजुरी आणि चरीचा संप



आपण कापूस-ज्वारी पिकवणारे. रायगडच्या भातखाचरांची गोष्ट आपल्याला कशाला? पण ऐका. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 1933 साली नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी संप पुकारला. राबणाऱ्याच्या पदरात पोटापुरतंही पडत नव्हतं. संप 1939 पर्यंत चालला, जमिनी पडीक राहिल्या. कुळांनी हाल सोसले. पण खोत-सावकारांनाही त्या जमिनीतून दाणा मिळाला नाही. राबणाऱ्याचा वाटा मारून मालकानं काय कमावलं?

आज वेचणीच्या वेळी मालक आपण आहोत. किलोमागे रुपया वाचवायला गेलो, तर वेचणारी बाई दुसऱ्याच्या शेतात जाते. फुटलेला कापूस पऱ्हाटीवर राहतो, अवकाळी पावसात भिजतो, प्रत उतरते, भाव पडतो. रोख आणि चांगली मजुरी देणाऱ्याचा कापूस आधी घरात येतो.

"एवढा पैसा आणायचा कुठून?" प्रश्न रास्त आहे. तो भावातूनच यायला हवा. उत्पादनखर्च काढताना घरच्या माणसांचे कष्टही मजुराच्या दरानेच धरतात. मजुराची मजुरी पाडली, की आपल्या घामाची किंमतही आपणच पाडतो. म्हणून आपली मागणी जोडीची आहे: मजुराला पुरी मजुरी, मालाला पुरा भाव.