मऊ प्रवाळ आणि विषाणूवरचे औषध



बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला ‘व्हायरस’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पपईची पाने पिवळी पडून आखडली, की तो झाड उपटून बांधाबाहेर टाकतो. 2022 साली राज्यभर लम्पी पसरला, तेव्हा अंगभर गाठी आलेल्या गाई पाहून माणसे हवालदिल झाली. डॉक्टरांनी ताप उतरवला, जखमा धुतल्या, प्रतिजैविके दिली; पण ती दुसरे जंतू शिरू नयेत म्हणून. खुद्द लम्पीच्या विषाणूला मारणारे औषध नव्हतेच.

याला कारण आहे. विषाणूला स्वतःची यंत्रणा नसते. तो पेशीत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती काढून घेतो. त्याला मारायला जावे, तर पेशीच दगावते. म्हणून विषाणूवरची औषधे आजही मोजकी आहेत, आणि नव्या रेणूंच्या शोधात रसायनशास्त्रज्ञ समुद्राच्या तळाशी उतरले आहेत.

तिथे त्यांना भेटला मऊ प्रवाळ. आपल्या अंगठीतले पोवळे याच्याच जवळच्या कुळातले. दोघांच्याही इवल्या जिवांना आठ-आठ शुंडके असतात. पण मऊ प्रवाळाला दगडी सांगाडा नाही. त्याला पळता येत नाही, लपता येत नाही, अंग तर मांसल. मग मासे त्याला खाऊन का टाकत नाहीत? कारण त्याच्या अंगात कडू, विषारी द्रव्ये असतात. सिन्युलेरिया, सार्कोफायटन, लोबोफायटम हे आपल्या लक्षद्वीप-अंदमानच्या समुद्रातले प्रवाळ अशा द्रव्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तैवानच्या संशोधकांनी मऊ प्रवाळातली अशी द्रव्ये काचपात्रातल्या पेशींवर तपासली. त्यांतली काही सायटोमेगॅलो या विषाणूची वाढ रोखताना दिसली.

काचपात्रात गुण दिसला म्हणजे औषध सापडले, असे मात्र नाही. किती मात्रेत विषाणू थांबतो आणि किती मात्रेत पेशी मरते, या दोहोंत पुरेसे अंतर हवे. बहुतेक द्रव्ये इथेच गळतात. त्यामुळे ‘समुद्रातून रामबाण औषध’ अशी बातमी आली, तर माणसांवर चाचणी झाली का, हे आधी विचारा.

तरी ही वाट वांझोटी नाही. 1951 मध्ये वर्नर बर्गमन यांनी फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजातील निराळ्या साखरेची न्यूक्लिओसाइड (जनुकीय द्रव्याच्या विटांसारखी) द्रव्ये जगापुढे आणली. ही साखर जनुकीय द्रव्यात असते त्याहून वेगळी, अरॅबिनोज. त्या धर्तीवर 1960 मध्ये कर्करोगासाठी ‘अरा-ए’ हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले. पुढे ते नागिणीच्या कुळातल्या विषाणूंवर चालते असे दिसले आणि 1976 मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. विषाणू आपली प्रत काढताना ही खोटी वीट उचलतो आणि त्याचे बांधकाम तिथेच अडते. आज नागिणीवर डॉक्टर देतात ते असायक्लोव्हिरही अशीच प्रत अडवते. मला सर्वांत मोलाचे वाटते ते यापुढचे: 1984 मध्ये हेच अरा-ए भूमध्य समुद्रातल्या युनिसेला या समुद्रपंख्यात सापडले. समुद्रपंखा म्हणजे मऊ प्रवाळाचा सख्खा भाऊबंद. माणसाने प्रयोगशाळेत घडवलेला रेणू त्याच्या अंगात आधीपासून होता!

औषधासाठी प्रवाळ खणून काढावे लागतील, ही भीतीही आता कमी होते आहे. 2022 मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी दाखवले, की मऊ प्रवाळातली कडू, विषारी द्रव्ये बनवण्याची सुरुवात करणारी जनुके खुद्द प्रवाळातच असतात. ती जनुके जिवाणूत घालून द्रव्य तयार करण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

बारामती-इंदापूरच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, समुद्र तुमच्यापासून दूर असला तरी हे काम दूरचे नाही. गोव्यात दोना पावला येथे 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिच्याकडे जरूर वळा. मालवणला सहलीला गेलात, तर पाण्यातला प्रवाळ तोडू नका, त्यावर पाय देऊ नका. आणि पशुपालकांनो, लम्पीवर औषध निघेल तेव्हा निघेल. लस आज आहे. जनावरांना ती वेळेवर टोचून घ्या.