दुसरी भाषा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. पदवीची इच्छा धरणाऱ्यास इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा घेणे प्राप्त असे. आरंभी ती मराठी किंवा गुजराती असली तरी चालत असे. पण थोड्याच वर्षांत देशी भाषांना रजा मिळाली आणि संस्कृत, फारसी, अरबी, लॅटिन अशा अभिजात भाषांचाच मान राहिला. मराठीचा एम.ए.च्या परीक्षेत शिरकाव व्हावा म्हणून न्यायमूर्ती रानडे अखेरपर्यंत झटले.

या नियमाने संस्कृतचे मात्र रूपच पालटले. पाठशाळेत रूपावली आणि अमरकोश घोकून, गुरूच्या मर्जीने मिळणारी विद्या आता परीक्षेचा विषय झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी इंग्रजी शाळांतील मुलांसाठी दोन पुस्तके रचली. पहिले 'मार्गोपदेशिका', दुसरे 'संस्कृतमंदिरांतःप्रवेशिका'. फी भरावी, पुस्तक उघडावे आणि मंदिरात शिरावे! विद्यार्थ्याच्या जातीची अट नियमात कोठेच नव्हती.

ती वर्गाच्या दाराशी होती. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षकांनी नकार दिला. दुसरी भाषा तर हवीच. तेव्हा फारसी घ्यावी लागली. फारसी काही हलकी भाषा नव्हे. मराठेशाहीच्या दप्तरातले कितीतरी शब्द तिचेच. भीमरावांनी तीत प्रावीण्यही मिळविले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले आणि पुढे इंग्रजी व फारसी घेऊनच बी.ए. झाले. परंतु आवडीने घेतलेली भाषा निराळी आणि दुसरे दार बंद झाल्यामुळे पदरी आलेली भाषा निराळी.

संस्कृतची ओढ सुटली नाही. लंडनमध्ये अर्थशास्त्राचा अभ्यास चालू असताना १९२१ साली त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदविले. भारतविद्येचे थोर पंडित हेरमान याकोबी तेथे अध्यापन करीत. मुंबईत नाकारलेली विद्या ऱ्हाईनकाठी मिळेल, अशी आशा त्यांनी धरली असावी. पण तेथील अभ्यास तडीस गेला नाही. पुढे ते आपल्या प्रयत्नानेच संस्कृत शिकले.

१९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले. मात्र बहुतेक ग्रंथ इंग्रजीत उपलब्ध असताना तेवढ्यावरून आपणास अनधिकारी का ठरवावे, असेही विचारले. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४९ मध्ये, संस्कृत ही देशाची राज्यभाषा व्हावी अशी दुरुस्ती घटना समितीपुढे आली. तिच्या पुरस्कर्त्यांत डॉ. आंबेडकरांचे नाव होते.