औषध बरोबर, तरी रुग्ण हातचा का जातो?

(व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय वैद्यकीय मानवशास्त्र. सभागृहात वैद्यकीय आणि नर्सिंग महाविद्यालयांतले बरेच विद्यार्थी दिसतात, त्यांचे आईवडीलही आले आहेत. या मुलांना शरीररचना, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र एवढं सगळं शिकायचं असताना आणखी एका विषयाचं ओझं कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. शंका रास्त आहे. माझं उत्तर असं की, निदान अचूक आणि औषध योग्य असूनही रुग्ण हातचा जातो, तेव्हा त्याचं कारण अनेकदा त्याच्या घरात, गावात, खिशात आणि डॉक्टरशी झालेल्या बोलण्यात दडलेलं असतं. तिथं ते कसं शोधायचं, हे शिकवणारं शास्त्र म्हणजे वैद्यकीय मानवशास्त्र.

एका मुलीची हकिकत सांगतो. जगभरच्या अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत ती शिकवली जाते. ॲन फॅडिमन या लेखिकेनं १९९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. लाओस सोडून अमेरिकेत आलेलं एक हमोंग निर्वासित कुटुंब कॅलिफोर्नियातल्या मर्सेड गावात राहत होतं. १९८२ साली त्यांच्याकडे मुलगी जन्मली आणि तीन महिन्यांची होते न होते तोच तिला झटके येऊ लागले. डॉक्टरांनी निदान केलं अपस्मार, आणि ते बरोबर होतं. आईवडिलांच्या मते दार जोरात आपटल्यानं बाळाचा आत्मा भ्याला आणि वाट चुकला. शिवाय त्यांच्या समाजात असे झटके येणाऱ्याला मानही असतो. तो पुढे आत्म्यांशी बोलणारा वैदू होऊ शकतो, असं मानतात.

औषधं आणि त्यांचे डोस पुन्हा पुन्हा बदलत गेले. आईवडिलांना इंग्रजी येत नव्हतं, बाटलीवरचा मजकूर वाचता येत नव्हता. औषधानं मुलगी गळून जाते, चिडते, हे मात्र त्यांना डोळ्यांनी दिसत होतं, म्हणून ते औषध कमी करत किंवा थांबवत. डॉक्टरांना हा हलगर्जीपणा वाटला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुलीला काही काळ परक्या घरी ठेवण्यात आलं. ती परत आली, पण चार वर्षांची असताना एका भयंकर झटक्यात आणि जंतुसंसर्गात तिचा मेंदू कायमचा निकामी झाला. डॉक्टर कुशल होते, रात्री-बेरात्री धावून येणारे होते. आईवडिलांचा तर त्या लेकरात जीव होता. तुम्हाला काय वाटतं, हिला काय झालंय, हा प्रश्न मात्र त्यांना वेळेवर आणि नीट कुणी विचारला नाही.

हा प्रश्न वैद्यकात आणला आर्थर क्लाइनमन यांनी. ते हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ. तैवानमध्ये रुग्ण आणि वैदू यांच्यात राहून त्यांनी अभ्यास केला. १९७८ साली सहकाऱ्यांसह लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी रुग्णाला विचारायचे काही प्रश्न मांडले. त्यांचा आशय असा: तुम्हाला कशामुळे हे झालं असं वाटतं? आताच का सुरू झालं? त्यानं शरीरात काय होतं? दुखणं किती मोठं आहे, किती दिवस राहील? कोणता उपचार व्हावा असं वाटतं? त्यातून काय साधावं अशी आशा आहे? या दुखण्यानं तुमचं काय काय अडलं? आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. ते मनापासून विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला मात्र शिक्षण लागतं.

आता आपल्या मातीकडे येऊ. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केलं, तेव्हा खेड्यातल्या बायकांच्या आजारांबद्दल वैद्यकाला फार थोडं ठाऊक होतं, कारण बायका दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हत्या. राणीताईंनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तरी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते संशोधन छापून आलं आणि बाळंतपण व कुटुंबनियोजन यांपलीकडे स्त्रीचं आरोग्य असतं, याकडे जगाचं लक्ष गेलं. बायकांशी त्यांच्या भाषेत बोलून, त्यांचा विश्वास मिळवल्याशिवाय ही तपासणी होणंच शक्य नव्हतं.

तिथल्या आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते, हेही बंग दांपत्यानं त्यांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी आहेत. मोठ्या इमारतीत जीव घुसमटतो. नातेवाइकांना आत राहू देत नाहीत. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढरं कापड तर आम्ही मढ्यावर घालतो. मग दवाखाना लोकांच्या सांगण्यावरून उभा राहिला: गावातल्या घरांसारख्या झोपड्या, सोबत येणाऱ्यांना राहायला जागा, आणि नाव त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी. 'हे लोक अंधश्रद्धाळू आहेत' असं म्हणून तिथंच थांबता आलं असतं. विचारल्यामुळे कळलं की त्या भीतीमागे कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी दूर करता येतात.

नवजात बाळांचं कामही याच वाटेनं गेलं. बाळंतपणं घरी होत होती, आजारी बाळ रुग्णालयात पोचत नव्हतं. तेव्हा उपचारच घरी न्यायचे ठरले. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. ३९ गावांत तीन वर्षांत नवजात मृत्यूंचं प्रमाण दर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आलं. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांच्या मुळाशी हे काम आहे.

साथीच्या काळात तर हा अभ्यास नसला, तर त्याची किंमत जिवांत मोजावी लागते. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाची साथ आली. २८ हजारांवर लोकांना लागण झाली, ११ हजारांवर माणसं गेली. इबोलानं मेलेल्याच्या देहातून संसर्ग फार सहज होतो आणि तिथल्या रिवाजानुसार नातलग तो देह हातांनी धुतात. आरोग्यपथकं अंगभर पोशाख घालून येत आणि देह पिशवीत घालून नेत. लोक आजारी माणसं लपवू लागले. गिनीत एक गरोदर स्त्री दगावली. पोटातला गर्भ बाहेर काढल्याशिवाय तिला पुरणं, हा गावाच्या दृष्टीनं साऱ्यांवर शाप होता. आणि गर्भ काढायला जाणं म्हणजे मरणाला हात लावणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानवशास्त्रज्ञ ज्युलियन अनोको यांनी वडीलधाऱ्यांशी बोलून प्रायश्चित्ताचा एक जुना विधी शोधून काढला. तो पार पडला आणि गर्भ बाहेर न काढता दफन झालं. पुढे सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची पद्धत ठरली, तीत कुटुंबाला आणि धर्मगुरूंना जागा मिळाली.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. 'आदिवासी असेच असतात', 'त्या समाजाच्या बायका ऐकत नाहीत' अशी टिपणं पाठ करणं म्हणजे मानवशास्त्र नव्हे. क्लाइनमन यांनी स्वतःच या धोक्याबद्दल लिहिलं आहे. दुसरा धोका असा की, गरिबीचा दोष संस्कृतीच्या माथी मारला जातो. डॉ. पॉल फार्मर हैतीत क्षयरोग्यांवर उपचार करत. जादूटोण्यावर विश्वास असल्यामुळे लोक औषध सोडतात, असं बोललं जाई. फार्मर यांनी दोन गट पाहिले. एका गटाला मोफत औषधं मिळाली. दुसऱ्याला औषधांबरोबर अन्न, प्रवासखर्च आणि घरी येणारा आरोग्यसेवक मिळाला. हा दुसरा गट पूर्ण बरा झाला, पहिला बराच मागे राहिला. जादूटोण्यावर विश्वास असणारेही नेमानं औषध घेत होते. नडत होती भूक आणि अंतर. रुग्णाच्या मनातलं ऐकणं आणि त्याच्या घरातली चूल पेटते की नाही हे पाहणं, ही दोन्ही कामं या शास्त्राची आहेत.

ओपीडीत रुग्णांची रांग असते, एवढं विचारायला वेळ कुठून आणायचा, असं विद्यार्थी म्हणतील. अडचण खरी आहे, आणि डॉक्टरांची संख्या वाढवणं हे सरकारचं काम आहे. पण अर्धवट सोडलेला उपचार पुन्हा सुरू करण्यात याहून जास्त वेळ जातो. सगळे प्रश्न प्रत्येकाला विचारायचे नसतात. 'तुम्हाला काय वाटतं, हे कशानं झालं?' आणि 'औषध घेण्यात काय अडचण येईल?' हे दोन तरी विचारता येतात.

आपल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचं शिक्षण आलं आहे. त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा उपक्रमही सुरू झाला. ही चांगली पावलं आहेत, पण विद्यार्थी नुसता रक्तदाब मोजून आणि फॉर्म भरून परतले तर ती वाया जातील. त्या घरांत बसायला, ऐकायला आणि ऐकलेलं नोंदवायला शिकवणारे मानवशास्त्राचे शिक्षक वैद्यकीय महाविद्यालयांत नेमायला हवेत. नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माण या अभ्यासक्रमांनाही हाच विषय हवा, कारण रुग्णाशी सर्वांत जास्त बोलणं परिचारिकेचं होतं.

श्रोत्यांनाही माझी विनंती आहे. डॉक्टरकडे गेलात की तुमची भीती, तुमची अडचण, तुम्ही घेत असलेला काढा आणि मधेच थांबवलेली गोळी, सगळं सांगा, लपवू नका. आणि विद्यार्थ्यांनो, उद्याच्या वॉर्डातल्या पहिल्या रुग्णापासून सुरुवात करा. त्याचा केसपेपर वाचण्याआधी त्यालाच विचारा, आणि तो बोलत असेपर्यंत ऐका.